मुकादमाचा चष्मा

फिदेन्सिओ मुकादमाचा चष्मा औषधांच्या दुकानातला होता. फिरत्या मांडणीवर डझनाने लटकलेले असतात त्यांतला, काळ्या काड्यांचा. त्याच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. चार ओळी पलीकडच्या वेलीवर द्राक्षांचा एखादा घड सडायला लागला तर तो इकडून बोट दाखवायचा. उलट चष्मा लावला की त्याला सगळं धूसर दिसायचं. पण अक्षरं धूसर झाली म्हणून त्याचं काय बिघडणार होतं? त्याला एकही अक्षर ओळखता येत नव्हतं.

हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक त्याची बायको एर्मिनिया, आणि दुसरी त्याची मुलगी यारेली.

मळ्याच्या ऑफिसातून रोज दुपारी इंग्रजीत एक कागद यायचा. उद्या कुठल्या ओळींत फवारणी होणार, तिथे किती तास पाऊल टाकायचं नाही, ऊन किती चढलं की सगळ्यांनी सावलीत बसायचं. यारेली सात वर्षांची होती तेव्हापासून संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती हे कागद स्पॅनिशमध्ये वाचायची आणि तिचे अपा, म्हणजे वडील, डोळे मिटून ऐकायचे. दोनदा वाचलं की पाठ. सकाळी टोळीपुढे उभे राहून ते चष्मा लावायचे, कागद हातभर लांब धरायचे आणि खणखणीत आवाजात ‘वाचायचे’. मधेच एक पान उलटायचे सुद्धा. “आमचा मुकादम शिकलेला आहे, तुमच्यासारखा नुसता ओरडत नाही,” असं त्यांच्या टोळीतल्या बायका शेजारच्या टोळीतल्या बायकांना ऐकवायच्या. एखादा कागद अचानक समोर आलाच तर चष्मा नेमका ट्रकमध्ये राहिलेला असायचा.

यारेली कागद वाचायची, पण जसाच्या तसा नेहमीच वाचायची असं नाही. शाळेतून आलेल्या चिठ्ठीतली तक्रार ती सोडून द्यायची आणि कौतुक तेवढं वाचायची. अमाच्या, म्हणजे आईच्या, छातीतल्या गाठीबद्दल इस्पितळाचं पत्र आलं होतं, त्यातला घाबरवणारा परिच्छेद तिने नवव्या वर्षी स्वतःच्या मनाने उडवला होता. गाठ साधी निघाली. तेव्हापासून तिला वाटायला लागलं की वाईट ओळ वाचली नाही तर वाईट होत नाही.

अशी मुलगी पुढे कॉलेजात गेली, रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आली, आणि तिला समुद्रकाठच्या मोठ्या विद्यापीठात उन्हाळ्याचे नऊ आठवडे संशोधन करायला मिळालं. ज्यांच्या घराण्यातल्या कुणीही आजवर प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडला नाही, अशा मुलांसाठीच हा उपक्रम होता. अर्जाबरोबर एक निबंध द्यावा लागतो. ‘तुमच्या वाटेत कोणते अडथळे आले आणि तुम्ही ते कसे पार केलेत?’

“म्हणजे दुःखाचा बाजार,” तिच्या खोलीतली ओपल म्हणाली. ओपल मिसिसिपीच्या काठावरून आलेली, पाद्र्याची नात, पहिल्याच रात्री दोन उशा आपल्या म्हणून घेऊन मोकळी झालेली. “ज्याचा माल जास्त रडवेल त्याला जागा. मी तर माझ्या आजोबांना निबंधात दोनदा मारलंय. एकदा पुरात, एकदा हृदयविकाराने.”

“आणि खरे आजोबा?”

“खरे आजोबा रविवारी व्यासपीठावर उभे राहून तास तास बोलतात. त्यांना मरायला वेळ कुठंय?” ओपल हसली आणि मग म्हणाली, “तू काय विकलंस?”

यारेलीने काय लिहिलं होतं ते तिला तोंडपाठ होतं. ‘माझ्या वडिलांना वाचता येत नाही. सातव्या वर्षापासून मीच त्यांचे डोळे आहे.’ लिहून झाल्यावर तिला रडू आलं होतं आणि त्याच वेळी आपण चांगलं लिहिलंय हेही कळलं होतं. दोन्ही एकदम.

जूनच्या अखेरीस उपक्रमाच्या ऑफिसातून एक मेल आला. आम्ही एक पुस्तिका काढतो, प्रत्येक विद्यार्थ्याचा फोटो आणि त्याच्या निबंधातल्या दोन ओळी, तुमच्या या ओळी छापायला हरकत नाही ना? खाली तिच्या त्याच दोन ओळी होत्या. यारेलीने दोन दिवस उत्तर दिलं नाही. पण ज्या डॉक्टर विटकॉम्ब बाईंच्या हाताखाली तिला काम करायचं होतं त्यांनीच तिला हुडकून सांगितलं, “यारेली, तुझा निबंध वाचताना समितीतले दोघे रडले, माहितेय?” बाई मनाने लोण्यासारख्या. त्यांना नाही कसं म्हणणार? आणि पुस्तिका काय, इंग्रजीत असणार. अमाला इंग्रजी येत नाही. अपांना तर कुठलंच वाचता येत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना ते कधी कळणारच नाही, मग कुणाचं काय बिघडतंय?

तिने ‘हरकत नाही’ असं कळवून टाकलं. इतकी हुशार मुलगी, पण पुस्तिका घरी जाईल तेव्हा ती वाचून दाखवायला आपण घरी नसणार, एवढं साधं गणित तिला सुचलं नाही.

काम चांगलं चाललं होतं. खोऱ्यातल्या गावांच्या विहिरींत खतांमधला नायट्रेट किती उतरलाय ते मोजायचं. गावोगावचे लोक टपालाने बाटल्या पाठवायचे. तिच्या लोमा सेका गावाहून अमाने दोन बाटल्या पाठवल्या होत्या. एकीवर चिकटपट्टी लावून नळाचं चित्र काढलं होतं, दुसरीवर पातेल्याचं.

पातेल्याचं पाणी ही अपांची खासियत. पहाटे उठून ते मोठ्या पातेल्यात नळाचं पाणी खळाखळा उकळायचे, गार करायचे आणि टोळीसाठी नारिंगी पिंपात भरून मळ्यात न्यायचे. दुसरे मुकादम तसंच नळाचं भरून नेतात, मी नेत नाही, हे ते दर आठवड्याला एकदा तरी म्हणायचे. यंदा टोळीत फ्लोरा होती, सातवा महिना लागलेला. “पोटुशी बाई आहे. तिच्यासाठी जरा जास्तच वेळ उकळतो,” अपांनी फोनवर सांगितलं होतं.

फोन रोज संध्याकाळी व्हायचा. अमा मळ्यातल्या कागदाचा फोटो पाठवायची, यारेली वाचायची, पलीकडे अपांचा श्वास तेवढा ऐकू यायचा.

“पुन्हा एकदा.”

ती पुन्हा वाचायची.

“झालं. आता तू जेव. काय देतात तिथे?”

“पास्ता.”

“कालही पास्ताच होता. मोठ्या शाळेतल्या बायकांना दुसरं काही येत नाही की काय?”

जुलैच्या मध्यात डॉक्टर विटकॉम्ब सगळ्यांना घेऊन दोन दिवस डोंगरातल्या झऱ्यांवर गेल्या. तिथे फोन लागत नव्हता. अपांना यारेलीने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी ऑफिसातून दोन दिवसांचे कागद आधीच मागून आणले होते, ते तिने पाठ करून घेतले होते. तिसऱ्या दिवशी खाली उतरून फोन सुरू केला तर अमाचे अकरा फोन येऊन गेलेले.

“काय झालं, अमा? अपा बरे आहेत?”

“बरे आहेत. जेवत नाहीत, पण बरे आहेत.” अमाचा आवाज दबका होता. बहुतेक न्हाणीघरात जाऊन बोलत होती. “तू त्या पुस्तकात काय लिहिलंस, पोरी?”

यारेलीने हातातली बाटल्यांची पेटी आधी खाली ठेवली.

तिच्या माघारी असं झालं होतं. मोठ्या पाकिटातून पुस्तिका आली. गुळगुळीत कागद, आत पानभर यारेलीचा फोटो, पांढरा डगला घातलेला. अपांनी ती टेबलावर ठेवली, हात धुऊन आले, पुन्हा बघितली. “तिला फोन लागत नाही,” अमा म्हणाली, “आली खाली की वाचेल.” पण दोन दिवस दम निघाला नाही त्यांना. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तिका स्वच्छ फडक्यात गुंडाळून मळ्यात नेली. जेवणाच्या सुट्टीत सगळी टोळी वेलींच्या सावलीत बसली होती. अपांनी ती सगळ्यांच्या हातून फिरवली. हात पुसा आधी, असं प्रत्येकाला बजावून. मग टोळीतल्या नयेलीला म्हणाले, “माझा चष्मा ट्रकमध्ये राहिला बघ. तू बारावी झालेली, वाच जरा सगळ्यांना. फोटोखाली काय लिहिलंय?”

नयेली उभी राहून वाचायला लागली. इंग्रजीतून एकेक शब्द स्पॅनिशमध्ये उलगडत, मोठ्याने, शाळेत वाचतात तशी. अर्थ तिच्या डोक्यात शिरेपर्यंत पहिलं वाक्य तोंडातून गेलं होतं. दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर ती थांबली.

“मग?” यारेलीने विचारलं. अमाने हे सगळं फ्लोराकडून ऐकलं होतं. “तो एक रिगोबेर्तो आहे ना, तो हसला. म्हणाला, ‘म्हणजे मुकादम, तेरा वर्षं आम्हाला कोरा कागद ऐकवत होता की काय?’ तर म्हातारी चोले त्याच्यावर खेकसली, ‘गप जेव. तुला वाचता येतं, त्याचं काय लोणचं घातलंस?’ ह्यांनी पुस्तक घेतलं, फडक्यात गुंडाळलं. उरलेला दिवस काम केलं.”

“आणि आज?”

“आज सकाळी कागद नयेलीच्या हातात दिला. तू वाच म्हणाले.”

“अमा, त्यांना दे ना फोन.”

बराच वेळ फोनमध्ये नुसती खरखर ऐकू आली. मग अमा परत आली. “झोपलेत म्हणाले.”

संध्याकाळचे सहा वाजले होते.

त्या दिवसापासून कागदाचे फोटो येणं बंद झालं. सहा वाजले की यारेलीचा हात आपोआप फोनकडे जायचा, जेवणघरात, बसमध्ये, कुठेही. ती डॉक्टर विटकॉम्बकडे गेली आणि त्या दोन ओळी काढून टाकता येतील का म्हणून विचारलं. बाईंना समजेना. “पुस्तिका तर वाटून झाली. पण का गं? यात लाज वाटण्यासारखं काय आहे? उलट किती अभिमानाची गोष्ट आहे!” यारेलीला सांगायचं होतं की अभिमानाची गोष्ट होती, बाई, पण ती त्यांची होती, मी माझी म्हणून देऊन टाकली. इंग्रजीत तिला ते जमलं नाही. ती ‘थँक यू’ म्हणून बाहेर आली.

“माफी माग,” ओपल म्हणाली.

“कशी? पत्र लिहू?”

ओपलने दोनांतली एक उशी यारेलीच्या पलंगावर फेकली.

त्याच आठवड्यात लोमा सेकाच्या बाटल्यांचे आकडे आले. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट दहापर्यंत चालतो. नळाच्या बाटलीत एकतीस निघाले. पातेल्याच्या बाटलीत त्रेचाळीस. यारेलीने यंत्र पुसून पुन्हा मोजलं. त्रेचाळीसच. तिला कारण ठाऊक होतं, कुठल्याही पुस्तकात पहिल्या धड्यात असतं. उकळून जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि तो आहे तेवढाच राहतो. जितकं जास्त उकळाल तितकं वाईट. सगळ्यात धोका तान्ह्या बाळांना, आणि पोटुशा बायकांना.

तिने अमाला फोन केला. “अमा, ते पाणी टोळीला देऊ नका. आणि उकळू तर अजिबात नका.”

अमा म्हणाली, “हे मी त्यांना आत्ता सांगू? एक झालंय तेवढं पुरे नाही का? आता एवढंच पातेलं राहिलंय त्यांचं, त्याच्यावर उठतात पहाटे.”

“पण फ्लोरा...”

“सांगेन. वेळ बघून सांगेन.”

यारेलीला कळत होतं की अमा सांगणार नाही. तिने पुन्हा फोन करायला हवा होता, नयेलीला, फ्लोराला, कुणालाही. रोज सकाळी ती ठरवायची. आणि रोज तिला सावलीत बसलेली टोळी दिसायची, आणि अपांबद्दलची आणखी एक गोष्ट दुसऱ्याच कुणाच्या तोंडून त्यांच्यासमोर वाचली जाताना. नऊ वर्षांची असताना जे करायची तेच तिने केलं. ओळ सोडून दिली. असे दहा दिवस गेले.

शेवटच्या शनिवारी पोस्टरांचा दिवस होता. मोठ्या दालनात रांगेने उभे केलेले फळे, त्यांवर पोस्टरं, प्रत्येक पोस्टरापाशी एक विद्यार्थी आणि कोपऱ्यात चीजचे तुकडे. घरच्यांना बोलावणं होतं. आपल्याकडून कुणी येणार नाही हे यारेलीने धरूनच ठेवलं होतं. पण अकराच्या सुमारास दारात अमाचा निळा झगा दिसला आणि तिच्या मागे अपा. लग्नाला घालतात तो शर्ट, वरपर्यंत बटणं लावलेला. चार तास ट्रक चालवून आले होते. चष्म्याचा खिसा रिकामा होता.

ते पोस्टरापर्यंत आले. अमाने यारेलीला मिठी मारली. अपांनी मान हलवली, जशी मळ्यात मालकाच्या माणसाला बघून हलवतात.

“वाळलीस,” ते म्हणाले.

तिने काही बोलायच्या आत डॉक्टर विटकॉम्ब लगबगीने आल्या. त्यांनी अपांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, सावकाश, जरा जास्तच मोठ्याने म्हणाल्या, “तुमची मुलगी फार हुशार! मी पोस्टर तुम्हाला वाचून दाखवू?”

शेजारच्या दोन पोस्टरांपाशी उभे असलेले लोक वळून बघायला लागले. त्यांतल्या एकाच्या हातात ती पुस्तिका होती. अपांचे कान लाल झाले. यारेलीला वाटलं ते आता वळतील आणि ट्रककडे चालू लागतील. ते वळले नाहीत.

“नको, बाई,” ते म्हणाले. “माझ्याकडे वाचणारी आहे.”

बाई हसत हसत दुसरीकडे गेल्या. अपा पोस्टरासमोर हात मागे बांधून उभे राहिले.

“वाच,” ते म्हणाले.

यारेलीने वाचायला सुरुवात केली. इंग्रजी बघायचं आणि स्पॅनिश बोलायचं, तेरा वर्षांची सवय. विहिरी कुठल्या, बाटल्या किती, यंत्र कसलं. अपांनी डोळे मिटले नाहीत. ते पोस्टराकडे बघत होते, तिच्या बोटाच्या मागोमाग. लोमा सेकाचा आकडा आला, एकतीस, तो तिने वाचला. अमाने झग्याची कड मुठीत धरली. मग खालचा चौकोन आला. यारेलीचं बोट एकतिसावरून सरकलं आणि चौकोन ओलांडून थेट आभारांच्या ओळीवर जाऊन थांबलं. “आणि या कामासाठी ज्यांनी मदत केली त्या सगळ्यांचे...”

“इथे पाच ओळी आहेत,” अपा म्हणाले. त्यांनी बोट ठेवलं, कागदाला न लावता, केसभर अंतरावर. “तू एकही बोलली नाहीस.”

यारेलीने आपलं बोट मागे घेतलं.

“मला अक्षर कळत नाही. लांबी कळते. लहानपणापासून तू मोठ्या कागदाचं छोटं वाचत आलीस. तुझ्या आईच्या इस्पितळाचा कागद दोन पानांचा होता. पाच वाक्यांत संपवलास.” ते अजूनही पोस्टराकडेच बघत होते. “तेव्हा मला वाटायचं, पोर माझ्यासाठी करतेय. बोललो नाही. आता वाच. मधलं काही सोडू नकोस.”

तिने वाचलं. उकळलेल्या पाण्यात त्रेचाळीस. उकळल्याने कमी होत नाही, वाढतं. जास्त उकळलं तर जास्त. तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायकांना हे पाणी देऊ नये. पाचही ओळी तिने वाचल्या आणि मग दालनातला गोंगाट एकदम ऐकू यायला लागला, जणू तो मधल्या वेळात थांबला होता.

अपांच्या ओठांची हालचाल चालली होती. पाठ करत होते की मोजत होते, कोण जाणे.

“हे तुला कधी कळलं?”

“दहा दिवस झाले.”

“आणि तुला?” हे अमाला. अमा जमिनीकडे बघत राहिली.

“दहा दिवस,” ते म्हणाले. “आज सकाळीही भरून ठेवून आलोय मी. फ्लोराच्या बाटलीत वेगळं भरतो. तिच्यासाठी तासभर जास्त ठेवतो चुलीवर.”

“अपा, माझं चुकलं. पुस्तकातलंही, हेही. मी...”

त्यांनी हात वर केला. रागाने नाही, टोळी गलका करायला लागली की करतात तसा. “पुस्तकाचं राहू दे. ते झालं.” ते म्हणाले, पण तिच्याकडे न बघता म्हणाले, आणि ते झालेलं नव्हतं हे तिघांनाही कळत होतं. “फ्लोराला फोन कर आत्ता. तो पिंप ओतून द्यायला सांग. आणि हे सगळं एका कागदावर लिही. स्पॅनिशमध्ये. सोमवारी टोळीला सांगायला हवं.”

यारेलीने फोन केला. फ्लोराने दोन वेळा “काय?” विचारलं, मग नुसतं “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला. समोरच्या पोस्टरापाशी ओपल कुणा अनोळखी आजीबाईंना हातवारे करून काही समजावत होती; तिच्या घरून कुणी आलं नव्हतं. यारेलीने तिच्याकडून वही आणि पेन मागून आणलं आणि तिथेच, भिंतीला टेकून, लिहायला बसली. अपा आणि अमा तिच्यासमोर उभे राहिले. अमाने कुणी दिलेली चीजची बशी तशीच हातात धरली होती.

“मोठ्या अक्षरात लिही गं,” अमा हळूच म्हणाली. “आणि सोपं लिही, ह्यांना पाठ करायला...”

“पाठ कशाला?” अपा म्हणाले. “नयेली वाचेल. तिचे डोळे चांगले आहेत.”

यारेलीचं पेन थांबलं. मग ती पुढे लिहीत राहिली. पान संपलं, तिने उलटलं. अपा वरून बघत होते, एकेका ओळीची लांबी.